उंबरातला व्यवहार

शाळेच्या पुस्तकातला परागीभवनाचा धडा साधारण एका चित्रापाशी संपतो. फुलावर बसलेली मधमाशी, तिच्या पायांना चिकटलेले पिवळे पराग, आणि खाली ओळ: फूल मध देते, मधमाशी पराग वाहून नेते, दोघांचेही भले होते. यात खोटे काही नाही. पण त्यातून जी समजूत मनात घर करते ती चुकीची असते. फूल आणि कीटक एकमेकांसाठीच घडले, त्यांचे हित एकच, म्हणून त्यांची जोडी कोट्यवधी वर्षे टिकली, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोघांचे हित एक नसते. फुलाला आपला पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोचवून हवा असतो आणि त्यासाठी शक्य तितका कमी खर्च करायचा असतो. कीटकाला कमीत कमी श्रमात जास्तीत जास्त खाद्य हवे असते. परागाचे पुढे काय होते याच्याशी त्याला बहुतेक वेळा काहीच कर्तव्य नसते. सहउत्क्रांती या नावाखाली जे काही येते ते समजून घ्यायचे तर सुरुवात या ओढाताणीपासून करावी लागते. फुलांचे चमत्कारिक आकार आणि कीटकांच्या लांबलचक सोंडा याच ओढाताणीतून आलेल्या आहेत. आणि व्यवहार टिकला आहे तो एकमेकांवरच्या विश्वासामुळे नव्हे. फसवणूक जिथे महाग पडते तिथेच तो टिकतो, असे दाखवण्याचा हा प्रयत्न आहे.

ही दृष्टी तशी नवी नाही, पण ती पचनी पडायला फार वेळ लागला. बर्लिनजवळच्या श्पान्डाउ गावी शाळा चालवणाऱ्या ख्रिस्तियान कोनराड स्प्रेंगेलने १७९३ साली फुलांच्या रचनेवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पाकळ्यांवरचे ठिपके आणि रेषा कीटकाला मधाकडे नेणाऱ्या खुणा आहेत, हे त्यानेच पहिल्यांदा नीट मांडले. त्याच ग्रंथात त्याने आणखी एक अडचणीची गोष्ट नोंदवली होती. काही ऑर्किडांना मधाची नळी असते, पण ती कायम कोरडी असते. फूल मधाचे नुसते सोंग आणते. डार्विनने स्प्रेंगेलचे ऋण मोकळेपणाने मान्य केले, मात्र ही गोष्ट काही त्याच्या गळी उतरली नाही. इतके कीटक पिढ्यान्‌पिढ्या फसत राहतील हे त्याला अशक्य वाटले. नळीच्या भिंतीत रस साठलेला असावा आणि कीटक ती टोचून तो पीत असावेत, असा तर्क त्याने केला. या मुद्द्यावर शाळामास्तरच बरोबर होता. आजच्या अंदाजाप्रमाणे ऑर्किडांच्या साधारण एक तृतीयांश जाती कीटकाला काहीही न देता आपले काम करून घेतात. आपल्या सह्याद्रीत कंदीलपुष्पांच्या अनेक जाती आहेत, त्याही याच मार्गाच्या. फुलाच्या नळीत आत वळलेले केस असतात, बारीक माश्या त्यांत अडकतात आणि केस सुकले की पराग घेऊन सुटतात. त्यांची दक्षिण आफ्रिकेतली एक बहीण तर हल्ला झालेल्या, जखमी मधमाशीसारखा वास सोडते. मेल्या-जखमी मधमाश्यांच्या रसावर जगणाऱ्या माश्या त्या वासाने धावत येतात, हे २०१६ साली सिद्ध झाले आहे. सौजन्याच्या कल्पनेत अशा फुलांना जागा नाही. हितविरोधाच्या कल्पनेत ती अपवाद न राहता हिशेबाचे एक टोक ठरतात.

ज्या फुलाची नळी मधाने भरलेली असते तिथेही हा विरोध दिसतो. जानेवारी १८६२ मध्ये जेम्स बेटमन यांनी डार्विनकडे ऑर्किडांची एक पेटी पाठवली. तीत मादागास्करचे एक पांढरे, चांदणीसारखे फूल होते. त्याची मधाची नळी साडेअकरा इंच लांब होती आणि मध फक्त तळच्या दीड इंचात. डार्विनने एक बारीक सळई फुलाच्या मधल्या फटीतून नळीत घातली आणि मागे ओढली, तेव्हाच परागाचे पुंजके तिला चिकटून बाहेर आले. म्हणजे पतंगाने तोंड अगदी मुळापर्यंत दाबल्याशिवाय फुलाचे काम होत नाही. सोंड नळीपेक्षा लांब असली तर पतंग दुरूनच मध पिऊन निघून जाईल. मध पतंगाला जेमतेम पोचेल इतकाच दूर असणे फुलाच्या सोयीचे, आणि तो आरामात मिळणे पतंगाच्या सोयीचे. त्यामुळे ज्या फुलाची नळी किंचित लांब त्याचे परागीभवन चांगले, ज्या पतंगाची सोंड किंचित लांब त्याचे पोट भरलेले. आणि ही चढाओढ दोघांनाही लांब लांब ओढत नेते. दहा-अकरा इंची सोंडेचा पतंग मादागास्करमध्ये असलाच पाहिजे, असे डार्विनने लिहून ठेवले. आर्गाइलच्या ड्यूकने १८६७ साली अशा रचनांत विधात्याची योजना पाहिली, तेव्हा वॉलेसने त्याला उत्तर देताना हेच भाकीत पुन्हा ठासून सांगितले. १९०३ मध्ये रॉथशील्ड आणि जॉर्डन यांनी त्या पतंगाचे शास्त्रीय वर्णन केले. डार्विनला जाऊन तोवर एकवीस वर्षे झाली होती. भाकीत खरे ठरले ही गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो स्वीडनच्या निल्सनने १९८८ साली प्रसिद्ध केलेला साधा प्रयोग. त्याने तिथल्याच एका रानटी ऑर्किडच्या नळ्या कृत्रिमरीत्या आखूड केल्या. परागाची देवघेव घटली: आखूड नळीच्या फुलांतून पराग कमी गेला आणि त्यांच्यावर पराग पडलाही कमी. नळीची लांबी फुलाच्या कामाची आहे हे असे मोजून दाखवता येते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कुलूप आणि किल्ली जुळतात एवढ्यावरून दोघे एकत्र घडले असे ठरत नाही. सोंड आधीच लांब झालेली असेल आणि फूल मागाहून तिच्या मापाचे झाले असेल. वासरथाल या जर्मन संशोधकाने मादागास्करच्या पतंगाबद्दल नेमके हेच सुचवले: फुलांवर दबा धरून बसणाऱ्या कोळ्यांपासून अंतर ठेवून, हेलकावे घेत मध पिण्यासाठी सोंड लांबली असावी. उत्तर अमेरिकेतल्या कोलंबाइन फुलांवर व्हिटॉल आणि हॉजेस यांनी २००७ साली केलेले काम याच बाजूला झुकते. या फुलांच्या नळ्या चढाओढीत हळूहळू वाढलेल्या नाहीत. गिऱ्हाईक बदलले, म्हणजे भुंग्यांच्या जागी गुंजनपक्षी आले किंवा गुंजनपक्ष्यांच्या जागी लांब सोंडेचे पतंग आले, की नळीने एकदम झेप घेतलेली दिसते. बदल घडला तो फुलात. पक्षी आणि पतंग होते तसेच होते. हा आक्षेप झटकून टाकू नये. ‘सहउत्क्रांती’ हा शब्द सैलपणे वापरणाऱ्यांना त्याने लगाम घातला आहे. पण सगळीकडे एकतर्फीच घडले, असेही त्यातून निघत नाही. दक्षिण आफ्रिकेच्या डोंगरांत लांब सोंडेच्या एका माशीवर आणि तिच्या मुख्य फुलावर अँडरसन आणि जॉन्सन यांनी काम केले आहे. जिथे माशीची सोंड लांब तिथे फुलाची नळी लांब, जिथे आखूड तिथे आखूड, असे ठिकाणागणिक त्यांना आढळले. एकाच जोडीची मापे मुलखामुलखाप्रमाणे बरोबरीने बदलतात तेव्हा देवघेव दुतर्फी असण्याची शक्यता बरीच बळकट होते. तेव्हा प्रत्येक जोडीचा पुरावा वेगळा तपासायला हवा, आणि जुळलेली मापे हा फक्त तपासाचा आरंभ मानायला हवा.

दुतर्फी देवघेवीचा सर्वांत भक्कम पुरावा हवा असेल तर मादागास्करला जावे लागत नाही. तो आपल्याकडे विहिरीच्या काठी, ओढ्याच्या कडेला, दत्ताच्या देवळामागे उभा आहे. उंबर, वड, पिंपळ, पिंपरी ही सगळी एकाच कुळातली झाडे. जगभर त्यांच्या साडेसातशेच्या आसपास जाती आहेत. ज्याला आपण उंबराचे फळ म्हणतो तो खरे तर आत वळलेला फुलोरा आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला कुंभासनी म्हणतात. त्या बंद कुंभाच्या आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुले असतात. वारा, मधमाशी, फुलपाखरू यांपैकी कोणीही तिथे पोचू शकत नाही. पोचते ती फक्त गांधीलमाशीच्या गणातली, चिलटाएवढी, एक-दोन मिलिमीटरची वास्प. हिरव्या उंबराच्या टोकाला खवल्यांनी झाकलेले छिद्र असते. मादी डोके चपटे करून त्या खवल्यांमधून स्वतःला रेटत आत नेते. या रेटारेटीत तिचे पंख तुटतात, मिशांची टोकेही मोडतात. परतीचा मार्ग बहुधा उरतच नाही. आत गेल्यावर ती छातीवरच्या दोन खिशांतून पुढच्या पायांनी पराग काढते आणि कुक्षीवर टाकते. मग काही फुलांत एकेक अंडे घालते आणि तिथेच मरते. जिथे अंडे पडले तिथे बी न होता गाठ धरते आणि तीत अळी वाढते. काही आठवड्यांनी आधी बिनपंखी नर बाहेर येतात, अजून गाठीतच असलेल्या माद्यांशी संग करतात, उंबराच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि मरतात. नेमकी तेव्हाच आतली नरफुले पिकलेली असतात. नव्या माद्या परागाने खिसे भरून त्या बोगद्यातून उडतात. आयुष्य एखाद-दोन दिवसांचे. तेवढ्यात त्यांना योग्य अवस्थेतल्या उंबरांचे दुसरे झाड गाठायचे असते. जैन श्रावकाचारात पंच उदुंबर वर्ज्य आहेत ते आत जीव असतात म्हणूनच. या कुळाच्या पोटात काय चालते त्याचे हे निरीक्षण सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधीचे आहे. पुरंदरचे अंजीर खाणाऱ्याने मात्र बिचकायचे कारण नाही. ती जात परागीभवनाशिवायच फळ धरते.

आता हिशेब मांडून पाहा. प्रत्येक वास्पची किंमत झाड एका बीने चुकवते. झाडाला बी हवे, आणि आपला पराग नेणारी वास्पही हवी. वास्पला बीचा काहीच उपयोग नाही. तिला सगळीच फुले पिल्लांसाठी हवीत. शिवाय पराग गोळा करणे, खिशात भरणे, मग तो वेचून टाकणे ही मेहनत आहे. ती टाळणारी एखादी मादी निपजली तर तिचा वेळ वाचेल आणि तिची पिल्ले वाढतील. मग असा आळशीपणा लाखो पिढ्यांत पसरला का नाही? सौजन्याच्या सिद्धांताकडे याला उत्तर नाही. उत्तर मिळाले ते पनामातल्या प्रयोगांतून. शार्लोट यांदेर आणि ॲलन हेर यांनी उंबराच्या कुळातल्या तिथल्या झाडांच्या कुंभांत काही ठिकाणी परागासह आणि काही ठिकाणी परागाविना माद्या सोडल्या. पराग न मिळालेले कुंभ झाडाने अधिक प्रमाणात गाळून टाकले, आतल्या अळ्यांसकट; आणि जे राहिले त्यांत पिल्ले कमी निघाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षात आणखी बोलकी गोष्ट आहे. ज्या जातींत वास्प मुद्दाम पराग भरत नाही, तो आपोआप अंगाला लागतो, तिथे अशी शिक्षा आढळली नाही. जिथे कामचुकारीला वाव आहे तिथेच दंड आहे. आणि जिथे दंड सौम्य, तिथे रानातही परागाविना फिरणाऱ्या वास्प अधिक सापडल्या. युक्का ही वनस्पती आणि तिच्या फुलांत अंडी घालणारा पतंग यांच्या बाबतीत पेल्मिर आणि हुथ यांनी १९९४ सालीच असेच दाखवले होते: ज्या फुलात अंडी अति झाली ते फूल झाड गाळते.

याहून अवघड प्रश्न आहे तो फुलांच्या वाटणीचा. पराग टाकलाच, पण मग मादीने सगळ्याच फुलांत अंडी का घालू नयेत? काही फुलांचे कुक्षीवृंत लांब असल्याने तिची अंडी घालायची नळी खालपर्यंत पोचत नाही, हे एक जुने उत्तर. ते पुरे पडत नाही, कारण बऱ्याच जातींत नळी पोचण्याइतकी लांब असते. डेरेक डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका जातीवरून वेगळे उत्तर पुढे आणले, आणि त्यात एक तिसराच घटक येतो. उंबराच्या कुळावर परोपजीवी वास्पही जगतात. त्या आत शिरत नाहीत. बाहेरूनच भिंतीला भोक पाडून आतल्या अळ्यांवर आपली अंडी घालतात. भिंतीला लागून असलेल्या फुलांतल्या अळ्या त्यांच्या तावडीत सहज सापडतात, आतल्या बाजूच्या वाचतात. म्हणून परागवाहक मादीला भिंतीलगतची फुले फायद्याची राहत नाहीत. ती बी धरण्यासाठी झाडाला उरतात. दोघांच्या करारातला हिस्सा तिसऱ्या चोराच्या धाकाने पाळला जातो! या परोपजीवींच्या हत्याराची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगतो, की उंबरावरच्या अशा एका वास्पची अंडी घालण्याची नळी केसाहून बारीक असते आणि तिच्या टोकाला दात असतात. त्या दातांत जस्त असते, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कुंदनाती आणि गुंडय्या यांनी २०१४ साली दाखवले. मऊ नळीने कडक, कच्चे उंबर भेदायचे तर टोक धातूनेच मढवावे लागते.

उंबराचे उदाहरण टोकाचे आहे, बहुतेक फुलांवर दहा तऱ्हेचे किडे येतात, तेव्हा यावरून सरसकट नियम कसा काढणार, असे कोणी विचारेल. संख्येचा विचार केला तर आक्षेप बरोबर आहे. सातेरी किंवा आग्या मधमाशी एका फुलाला बांधलेली नसते आणि ती ज्यांवर येते ती फुलेही तिला बांधलेली नसतात. पण सर्वांसाठी दार उघडे ठेवणे हेही याच हिशेबातून निघते. सह्याद्रीतली कारवी पाहा. ती साधारण आठ वर्षांनी एकदाच, पण अख्खे डोंगर जांभळे करून फुलते आणि मरते. सात वर्षे उपाशी राहून आठव्या वर्षी कारवीच्या मधावर जगेल असा कीटक असू शकत नाही. कारवीला इतरांच्या जिवावर पोसलेल्या मधमाश्यांवरच विसंबावे लागते, म्हणून तिचे फूलही त्यांना सहज झेपेल असे. उलट वास्पला वर्षभर उंबर लागतो, आणि परिसरात कुठल्या ना कुठल्या झाडावर योग्य अवस्थेतला उंबर असतोच; म्हणून तिथे घट्ट जोडी परवडते. अवलंबन किती असावे हेही परवडण्यावर ठरते. घट्ट जोडीची जोखीम माणसाने स्वतः अनुभवली आहे. कॅलिफोर्नियात १८८० च्या दशकात नेलेली स्मर्नाची अंजिरे वर्षानुवर्षे फळे गाळत राहिली. १८९९ मध्ये त्यांची वास्प आणून सोडली तेव्हा कुठे ती धरू लागली.

एक जात, एक वास्प, हा नियमही आता पूर्वीइतका कडक राहिलेला नाही. अनेक झाडांवर एकाहून अधिक जातींच्या परागवाहक वास्प सापडल्या आहेत, आणि वंशावळी ताडून पाहता यजमान बदलल्याच्या खुणाही दिसतात. यामुळे काही जण सहउत्क्रांतीच नाकारायला निघतात, पण ते टोक झाले. आइल ऑफ वाइट बेटावर सापडलेल्या ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीच्या जीवाश्म वास्पला आधी मुंगी समजले गेले होते. २०१० मध्ये ती पुन्हा तपासली तेव्हा आजच्यासारखेच परागाचे खिसे तिच्या छातीवर दिसले. जोडीदार अधूनमधून बदलले असतील. व्यवहाराच्या अटी मात्र फारशा बदललेल्या नाहीत.

यातली सर्वांत चिवट अडचण काळाची आहे. झाडाची एक पिढी होते तोवर वास्पच्या कित्येक पिढ्या होऊन जातात. चढाओढीत वास्पने केव्हाच बाजी मारायला हवी होती. झाड मागे पडले नाही याचे एक कारण असे असावे, की त्याला वास्पच्या प्रत्येक नव्या युक्तीला नवे उत्तर शोधावे लागत नाही. फलन न झालेली फळे गाळणे ही बहुतेक झाडांची जुनी काटकसर आहे. आंबाही ती दर वर्षी करतो. वास्पचे नशीब या जुन्या सवयीला बांधले गेले, एवढेच. तिचा वेग इथे कामाला येत नाही. तिची खरी मर्यादा तिच्या आयुष्याच्या तासांत आहे. नामिबियाच्या वाळवंटात या कुळातल्या झाडांचा पराग वास्पनी वाऱ्यावर स्वार होऊन १६० किलोमीटरवर नेल्याचे २००९ मध्ये दिसून आले, तेव्हा अंतर तिला अडवत नाही. पण २०१३ साली सिंगापूरमध्ये तपासलेल्या काही जातींच्या वास्पचे आयुष्य तापमान थोडे वाढवताच घटत गेले. वारा तोच राहिला तरी त्यावर तरंगण्याचे तास कमी झाले, तर उंबराला शिक्षा करायला वास्पच उरणार नाही, आणि हा हिशेब आता झाडाच्या बाजूने तपासायला हवा.